रेघेचे वजन

शिरोलीच्या एमआयडीसीत माणसाने काय विकावे, ह्याला तशी फारशी मर्यादा नाही. वाळू विकावी, बेंटोनाइट विकावे, भंगार विकावे, पाळी सुटायच्या वेळी गेटासमोर भजी विकावीत. कोणी भुवई वर करणार नाही. पण एका पॅटर्नच्या कारखान्याच्या माडीवर खोली घेऊन मुलांना हलती चित्रे काढायला शिकवणारा इसम म्हटला की तो जरा संशयाचाच विषय होतो. समोरचा चहावाला पहिले काही महिने मला विम्याचा एजंट समजत होता. खरा धंदा कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली, ती पाहून माझे मलाच वाटले, विम्याचा एजंट असतो तर निदान त्याने चहा तरी आदराने दिला असता.

ह्या धंद्याचे रूढ नाव ॲनिमेशन. मराठीत कोणी ‘सचेतनीकरण’ म्हणते. हा शब्द एकदा उच्चारला की चित्रात होती नव्हती तेवढी चेतना निघून जाते, म्हणून मी आपले ‘हलती चित्रे’ म्हणतो. माझ्याकडे येणारी मुले शिरोली, नागाव, टोप, हालोंडी अशा जवळपासच्या गावांतली. कोणाचे वडील मोल्डर, कोणाचे भट्टीवर, कोणाचे काका फेटलिंगला, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासून साफ करायला. मुले-मुली मिळून चौदा जण. शनिवारी संध्याकाळी नि रविवारी सकाळी वर्ग. येताना प्रत्येकाच्या मनात मोठमोठ्या डोळ्यांच्या जपानी पोरी नि इमारतींवरून उड्या मारणारे वीर असतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे एक चेंडू ठेवतो नि सांगतो, “हा पडताना काढा.”

“नुसता चेंडू?”

“नुसता चेंडू.”

“किती दिवस, सर?”

“पडेपर्यंत.”

दोन-तीन मुले ह्याच ठिकाणी गळतात. त्यांचा मला राग येत नाही. संगीताच्या क्लासाला नाट्यगीत म्हणायच्या आशेने गेलेल्या माणसाला महिनाभर नुसता षड्ज लावायला सांगितला तर तो दुसरे काय करणार?

पण चेंडूची गंमत अशी की, तो काढायला सगळ्यांत सोपा नि हलवायला सगळ्यांत लबाड. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन-दोन चौकटी टिकवले तर सेकंदाला १२ चित्रे लागतात. चार फुटांवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीला लागतो. म्हणजे हा सारा सहा चित्रांचा मामला. नवा मुलगा काय करतो? तो फूटपट्टी घेतो, ४८ इंचांचे सहा सारखे भाग करतो, दर आठ इंचांना एक वर्तुळ अशा हिशेबाने चित्रे काढतो नि मोठ्या अभिमानाने गठ्ठा माझ्या हातात देतो. मी कागद अंगठ्याखालून चाळतो. चेंडू पडत नाही. लिफ्टमधून उतरतो!

खऱ्या चेंडूला पडण्याची घाई सुरुवातीला नसते; ती हळूहळू अंगात येते. पहिल्या चित्रात तो जेमतेम सव्वा-दीड इंच सरकतो. दुसऱ्यात त्याच्या तिप्पट, तिसऱ्यात पाचपट, मग सात, मग नऊ, आणि शेवटच्या चित्रात अकरापट, म्हणजे पंधरा इंचांच्या आसपास. हा एक-तीन-पाच-सातचा हिशेब गॅलिलिओचा आहे नि शाळेच्या पुस्तकातून ह्या मुलांना तो एकदा शिकवूनही झालेला असतो. तिथे तो परीक्षेपुरता राहतो. इथे तो कागदावर उतरतो तेव्हा वर्गात एकदम गलका होतो. कारण चित्र तेच असते, वर्तुळ तेच असते. दोन वर्तुळांमधली जागा तेवढी बदललेली असते, नि कालपर्यंत लिफ्टमधून उतरणारा चेंडू आज चक्क पडतो.

मग मी दुसरा गोळा काढतो. खालच्या भंगारातून उचललेला, बिडाचा. हा नि टेनिसचा चेंडू पडताना सारखेच पडतात. भेद कळतो तो जमिनीला लागल्यावर. टेनिसचा चेंडू जरा चपटा होऊन उसळतो, आलेल्या उंचीच्या निम्म्याहून थोडा अधिक वर जातो. बिडाचा गोळा ‘धप्’ म्हणतो नि विषय संपवतो. हा भेद रेघेतून कसा दाखवायचा? गोळ्याला गडद रंग द्या, असे सांगणारी मुले दरवर्षी निघतात. एका वर्षी नागावचा एक मुलगा म्हणाला, “सर, गोळा हाय तसाच राहू दे. फरशी हलवूया.” मी त्याला विचारले, हे तुला सुचले कसे. तो म्हणाला, “आमच्या घरात समद्यांना म्हाईत हाय. बाबांच्या बुटावर एकदा कास्टिंग पडलंवतं.”

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. ह्या मुलांना वजन शिकवावे लागत नाही. ते त्यांच्या घरात आधीच असते. मुंबईत जाहिरातपटांच्या स्टुडिओत मी काही वर्षे काढली. तिथे उत्तम हात असलेली, झकास चेहरे काढणारी मुले मी पाहिली. पण त्यांच्या चित्रातल्या माणसाने सुटकेस उचलली की ती सुटकेस रिकामी आहे हे लहान पोराने ओळखावे. जड वस्तू उचलताना माणूस आधी खाली जातो, कमरेतून नव्हे तर गुडघ्यांतून. क्षणभर काहीच हलत नाही. मग आधी खांदा जातो, नि वस्तू सर्वांत शेवटी जमीन सोडते. ते ‘क्षणभर काहीच हलत नाही’ काढायला फार धीर लागतो. नवशिक्याला वाटते, हलती चित्रे म्हणजे सतत हलले पाहिजे.

डिस्नेच्या चित्रशाळेतल्या फ्रँक थॉमस नि ऑली जॉन्स्टन ह्या दोघा मुरलेल्या चित्रकारांनी १९८१ साली ह्या कलेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी बारा तत्त्वे सांगितली आहेत, आणि आज जगात कुठेही हा विषय शिकवताना त्यांचाच जप चालतो. मीही करतो. पण तत्त्वाचे नाव आधी सांगायचे नाही, एवढा माझा नेम आहे. ‘पूर्वतयारी’ म्हटले की मुले वहीत लिहून घेतात नि विसरतात. त्याऐवजी मी विचारतो, “पैलवान डाव टाकायच्या आधी काय करतो?” कोल्हापूरच्या पोराला हा प्रश्न विचारायचा अवकाश! शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या खासबाग मैदानात बापाच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहिलेली ही मुले बाके सरकवून उभी राहतात, शड्डू ठोकतात, नि पुढे झेप घेण्यापूर्वी अंग मागे कसे दबते ते करून दाखवतात. पुढे जायचे तर आधी थोडे मागे, वर जायचे तर आधी थोडे खाली. आता काढा म्हटले की काढतात.

एका अंगाच्या मागून दुसरे अंग उशिरा येते, थांबल्यावरही जरा पुढे जाते, हे तत्त्व पुस्तकात वाचायला बरेच क्लिष्ट आहे. आमच्याकडे त्याला सासनकाठी पुरते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर त्या उंचच उंच काठ्या नाचवतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असते की खाली नाचणाऱ्याचा पाय उजवीकडे पडून गेलेला असतो तेव्हा काठीचा शेंडा अजून डावीकडेच रेंगाळत असतो, नि माणूस थांबला तरी शेंड्यावरचे वस्त्र थांबत नाही. मुलीची वेणी, म्हशीची शेपटी, आजोबांच्या धोतराचा सोगा, सगळे ह्याच हिशेबात बसते.

अर्धवट भरलेल्या पिठाच्या पोत्याचा धडाही डिस्नेकडचाच. पोत्याला तोंड नाही, डोळे नाहीत, हात नाहीत; चार कोपरे तेवढे आहेत. त्या चार कोपऱ्यांवर त्याला आनंदी करा, दमवा, रडवा. आमच्याकडे पीठ जाऊन बेंटोनाइटचे पोते आले, कारण मुलांना तेच अधिक परिचयाचे. शिरोलीच्याच एका मुलीने काढलेले पोते चार पावले जाई, थांबे, वरचा एक कोपरा मागे वळवी, पुन्हा दोन पावले जाई. सारे वजन तळाशी गोळा झालेले. मी विचारले, “हे कुठे चालले आहे?”

“मी त्येला सासरी धाडतो, सर,” ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली ‘मी धाडतो’, ‘मी आलो’ असेच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.

आणि अतिशयोक्ती! हे तत्त्व मला खालच्या मजल्यावरच्या मिस्त्रींनी शिकवले. बिडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. मिस्त्रींच्या हातातली पट्टी पाहिली तर तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा किंचित मोठा. मला वाटले, पट्टी चुकीची आहे. ते हसले. बीड थंड होताना फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसते. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, तेव्हा कुठे वस्तू मापाची होते. मी त्याच पावली वर गेलो नि मुलांना सांगितले की, तुम्ही आरशासमोर केलेले हसू जसेच्या तसे कागदावर काढले तर पडद्यावर ते आकसून येते. जरा मोठे काढा. किती मोठे, ते मात्र प्रत्येकाच्या हसण्यागणिक वेगळे. बिडाला असतो तसा ठरीव हिशेब हसण्याला नाही.

हे सगळे ऐकून एखादे पालक विचारतात की, हे साहेबांचे खूळ आपल्याकडे आले कधी. तसे ते बरेच जुने आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून, वाटाण्याच्या दाण्यातून रोप कसे उगवते ते रोज थोडे थोडे टिपून पडद्यावर झरझर वाढताना दाखवले होते. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ नावाचे छोटे चित्र केले. कोल्हापूरचे म्हणाल, तर बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा ह्याच गावात घडवला, आणि ‘प्रभात’ १९२९ मध्ये इथेच जन्मली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, नि तिने ‘जंबू काका’ हे व्यंगचित्रपटाचे बाळ काढले ते १९३४ मध्ये! कंपनी आणखी वर्षभर इथे टिकती तर तो जंबू पंचगंगेच्या काठी हलला असता. हळहळायला कोल्हापूरकराला एवढे कारण पुरते.

शिकवण्याची पद्धतशीर सोय मात्र मुंबईत, फिल्म्स डिव्हिजनमध्ये झाली. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार १९५६ मध्ये तिथे शिकवायला आले. जी. के. गोखल्यांसारखे आधीपासून ह्यात धडपडणारे चित्रकार तिथे होते, राम मोहनांसारखे तरुण उमेदवार होते. त्या मंडळींच्या हातून जातककथेवरचे ‘द बनियन डिअर’ १९५७ साली तयार झाले. आणि स्वतः डिस्नेने तरी काय केले? १९३२ मध्ये आपल्या पगारी चित्रकारांना डॉन ग्रॅहॅम नावाच्या मास्तरांच्या रात्रीच्या वर्गाला बसवले! दिवसभर उंदीर काढून आलेल्या माणसांनी रात्री समोर उभ्या केलेल्या जिवंत माणसाला पाहून काढायचे. मला ह्या वर्गाचा फार आधार वाटतो.

कारण आधार वाटावा असे दिवस हे नव्हेत. आमच्या धंद्यातले बहुसंख्य पोट भरत आले ते ‘मधल्या’ चित्रांवर. मुख्य चित्रकार पहिली नि शेवटची अवस्था काढतो. मधली आठ-दहा चित्रे उमेदवाराने भरायची. परदेशचे असे पुष्कळ काम वर्षानुवर्षे आपल्याकडे येत राहिले. मीही तेच केले. आता संगणक मधले भरतो, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तर अशी यंत्रे निघाली आहेत की, वाक्य लिहून दिले की ती चालता माणूस दाखवतात. मग बीड ओतणाऱ्या माणसाच्या मुलाला मी चेंडू पाडायला का शिकवतो, हा प्रश्न मला कोणी विचारण्याची वाट पाहावी लागत नव्हती. तरी तो विचारला गेला तेव्हा माझी थोडी गडबड उडालीच.

दिवाळीच्या थोडे आधीची गोष्ट. मी मुलांना गृहपाठ दिला होता: घरातल्या कोणाचेही एक काम चार सेकंदांत दाखवा. चार सेकंद म्हणजे ४८ चित्रे. कोणी भाकरी थापणारी आई घेतली, कोणी मोटारसायकलला किक मारणारा भाऊ. माझ्या वर्गातला सर्वांत चांगला हात असलेल्या मुलाने घेतली ओतण्याची पाळी. छोट्या फौंड्रीत अजूनही रसाचे लॅडल दोन माणसे दांड्याला दोन्हीकडून धरून नेतात. ते त्याने काढले होते. लोखंड तेराशे अंशांच्या वर तापलेले, माणसे तोल सांभाळत चाललेली. मला ते फार आवडले होते.

रविवारी वर्ग सुटल्यावर त्याचे वडील वर आले. चप्पल दाराबाहेर काढली, बसा म्हटले तरी बसेनात.

“सर, एक इचारायचं हुतं. पोराला आमच्या फौंड्रीत घ्याला तयार हाईत. बारावी झालीया. त्यो म्हणतोय, न्हाई, मी चित्रं काढणार. ह्यात प्वॉट भरतंय का?”

मुलगा खिडकीशी कागद जुळवत उभा होता. कागद केव्हाच जुळलेले होते.

खोटे बोलणे अगदी सोपे होते. मोठमोठ्या सिनेमांची नावे घ्यायची, एका गावच्या पोराला परदेशी नोकरी कशी लागली ते सांगायचे. अशी पोरे असतात, नाही असे नाही. मी म्हटले, “भरते, पण सगळ्यांचे नाही. नि आता पहिल्या पायरीचे काम यंत्राकडे चालले आहे. तो वरच्या पायरीला जाईल की नाही, ते मला आज सांगता येत नाही. हात चांगला आहे, एवढे सांगतो.”

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मशीन आमच्यातबी आलं की. माणसं कमी झाली.” मुलाकडे वळून, “काय काढलंयस, दाव.”

मुलाने कागद मोबाइलवर टिपून ठेवले होते. चार सेकंद ते काय! वडिलांनी एकदा पाहिले, पुन्हा लाव म्हणाले, आणि तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर मोबाइल माझ्या हातात देऊन मोठ्या स्पष्टपणे म्हणाले, “ह्यो मागचा गडी मरंल.”

“का?”

“पाय उचलतोय न्हवं. रस घेऊन चालताना पाय उचलायचा न्हाई, सरकवायचा. टाच आपटली की रस हिंदकळतोय. आणि ह्यानं तोंड रसाकडं केलंय. तोंड वाटंकडं पायजे.”

बोलून समाधान होईना. कोपऱ्यात पडद्याचा एक जुना पाइप पडला होता तो त्यांनी उचलला, पुढचे टोक पोराच्या हातात दिले, मागचे आपण धरले. चौदा मुलांच्या बाकांमधून ते दोघे चालत गेले. त्या पाइपाला काडीचे वजन नव्हते. पण वडिलांचे दंड ताणलेले, गुडघे किंचित मोडलेले, नजर पुढच्याच्या टाचांवर, नि पावले फरशीला चिकटून सरकणारी. ते भिंतीशी पोचले, पाइप हळूच कलला, क्षणभर कोणीच हलले नाही. मग ते वळले, आणि परतताना त्यांची चाल बदलली! खांदे वर आले, पावले उचलू लागली, दम सुटला.

“रिकामा माणूस असा चालतोय,” ते म्हणाले. “तू दोन्ही येळा सारखंच काढलंयस.”

मुलाने पेन्सिल केव्हा उचलली होती ते मला कळले नाही. तो बापाच्या पायांकडे पाहून भराभर रेघा मारत होता. “बाबा, आनी एकदा,” तो म्हणाला. ते आणखी एकदा चालले. मग आणखी एकदा. शेवटच्या फेरीला पाइपाचे पुढचे टोक मी धरले होते, आणि मागून मला दोनदा ऐकावे लागले, “सर, पाय सरकवा.”

जाताना त्यांनी दारात चप्पल घातली. म्हणाले, “फौंड्रीला एक तारखेपास्नं लागू दे. रविवारी हिकडं यील. सा म्हयनं बघूया.” मुलगा काही बोलला नाही. मीही बोललो नाही. मला ह्यापेक्षा अधिक मागण्याचा हक्क आहे असे वाटले नाही. त्याच्या आईचे मत काय ते मला माहीत नाही. ते दोघे खाली उतरले, आणि मोटारसायकल सुरू होईपर्यंत त्यांचे काहीतरी बोलणे चालू होते. माडीवरून ऐकू येईना.

तो दर रविवारी येतो आहे. साच्याला फासायचे काळे नि पेन्सिलीतले शिसे, दोन्ही ग्रॅफाइटच. त्याच्या कागदांवरचे काळे ठसे कुठले कोणते, हे मला अजून ओळखता येत नाही. जुनी ४८ चित्रे त्याने बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली. परवा मोजली तेव्हा ३१ झाली होती. रस ओतून झाला आहे, दोघे वळले आहेत. रिकामे परत यायचे तेवढे राहिले आहे.